आईचा नंबर

इंग्लंडात, मँचेस्टरजवळच्या ओल्डहॅम गावातल्या ऐंशीच्या घरातल्या कुठल्याही माणसाला एकच विचारावं, "तुमच्या आईचा डिव्ही नंबर काय होता?" उत्तर यायला क्षणही लागत नाही. सकाळी गोळी घेतली की नाही ते आठवत नसतं, नातवंडांची नावं एकमेकांत मिसळलेली असतात, पण तो चार-पाच आकडी नंबर पाढ्यासारखा घडाघडा बाहेर येतो. आणि तो म्हणताना प्रत्येकाची हनुवटी थोडी वर जाते. दुकानाचा काउंटर तेव्हा डोक्याच्या वर असायचा ना, म्हणून.

डिव्ही म्हणजे डिव्हिडंड. दुकान को-ऑपचं, म्हणजे सहकारी भांडार. त्याची सुरुवात झाली ती इथून हाकेच्या अंतरावरच्या रॉचडेल गावात. १८४४ च्या डिसेंबरात टोड लेन नावाच्या गल्लीत २८ जणांनी मिळून एक दुकान उघडलं. पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या, एवढाच माल. भेसळ करायची नाही, माप मारायचं नाही, आणि जो नफा होईल तो ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत वाटायचा. पुढे गावोगावी को-ऑप झाले. दर खरेदीला सभासदाचा नंबर सांगायचा, तो वहीत चढायचा, आणि ठरलेल्या मुदतीने डिव्ही हातात पडायची. त्या पैशांत पोरांचे बूट यायचे. म्हणून सामान आणायला पाठवलेलं पोर एक वेळ पाव विसरलं तर चालायचं, नंबर विसरून चालायचं नाही.

मी या गावात चौदा वर्षं राहते. दर गुरुवारी दुपारी चर्चच्या मागच्या सभागृहात पंधरा-वीस म्हातारी माणसं जमतात. मी चहा करते, बिस्किटांच्या ताटल्या फिरवते, कप धुते, आणि ऐकते. ती मला 'लव्ह' म्हणतात, बायकाही आणि पुरुषही. आपल्याकडे अनोळखी पोरीला 'बाळ' म्हणावं तितकं ते साधं आहे. त्यांना मात्र मी पहिल्या नावाने हाक मारायची असते आणि ते मला अजूनही जड जातं. मनात मी आजी, आजोबाच म्हणते. इथेही तसंच म्हणेन.

बहुतेकांचा जन्म १९३७ ते १९५० मधला. म्हणजे त्यांचं बालपण युद्धाच्या शेवटापासून पन्नासचं दशक सरेपर्यंतचं. ओल्डहॅम तेव्हा कापसाचं गाव होतं. भरभराटीच्या काळात इथे तीनशेहून जास्त गिरण्या होत्या. पन्नासच्या दशकात त्या धडाधड बंद पडायला लागल्या होत्या, तरी धुरांड्यांचं रान उभंच होतं. आजोबांपैकी एकजण सांगतात की डोंगर वर्षातून एकदाच नीट दिसायचे, 'वेक्स वीक'मध्ये. त्या आठवड्यात सगळ्या गिरण्या एकदम बंद, बॉयलर थंड, आणि अख्खं गाव ब्लॅकपूलच्या समुद्रावर गेलेलं. ज्यांच्याकडे जायला पैसे नसायचे ते घरीच राहायचे. ते आजोबा घरी राहिलेल्यांपैकी. "समुद्र नाही पाहिला," ते म्हणाले, "पण पेनाइन्स पाहिले. खिडकीतून. इतके जवळ होते हे माहीतच नव्हतं."

एका गुरुवारी एका आजींनी हातरुमालात बांधून एक वस्तू आणली. गाठ सोडली तर आत साबणाच्या वडीएवढा पिवळसर दगड. वर उठावात कोरलेला सिंह, त्याची शेपूट झिजून गेलेली. टेबलाभोवतीच्या बायकांनी एकदम श्वास आत घेतला. डाँकी स्टोन! शेजारच्या ॲश्टन-अंडर-लाईनमध्ये कालव्याच्या काठी त्याचा कारखाना होता. दगडाचा चुरा, सिमेंट आणि ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून वड्या पाडायचे. १९७९ पर्यंत तो चालू होता. मुळात हा दगड गिरण्यांतल्या तेलकट जिन्यांवर पाय घसरू नये म्हणून वापरात आला, आणि तिथून बायकांनी तो घरी आणला.

घरं सगळी एकाला एक चिकटलेली, दार थेट रस्त्यावर उघडणारं, दाराला एक दगडी पायरी. आठवड्यातून एकदा तरी ती पायरी घासून धुवायची, आणि ओली असतानाच तिच्या कडेने हा दगड ओढायचा. वाळली की काठ पांढरा किंवा पिवळसर उठून दिसायचा. आजींनी टेबलावर बोट ओढून दाखवलं. हात जराही न उचलता, एका दमात, डावीकडून उजवीकडे. "मध्ये थांबलं की जोड दिसतो," त्या म्हणाल्या. मला आमच्या गावच्या घरी सारवणाचा शेवटचा पट्टा ओढणारी माझी आजी दिसली. तीही थांबायची नाही.

हे दगड पैसे देऊन फारसं कुणी घ्यायचं नाही. गल्लीत भंगारवाला यायचा, त्याला जुने कपडे, चिंध्या द्यायच्या आणि बदल्यात एक-दोन दगड घ्यायचे. पोरांना हवा असायचा फुगा. आया दगडच घ्यायच्या, आणि त्यावरून रस्त्यातच रडारड. मी त्यांना आमच्या चाळीत येणाऱ्या बोहारणीबद्दल सांगितलं. जुन्या साड्यांवर स्टीलचं पातेलं, मग घासाघीस, मग अजून एक शर्ट. त्यांना ते इतकं समजलं की पुढच्या गुरुवारी एकीने विचारलं, "तुझ्या आईने त्या बाईला कधी तुझ्या वडिलांचा चांगला कोट देऊन टाकला का गं?"

तो दगड हातातून हातात फिरत माझ्याकडे आला. परत दिला तेव्हा तळव्यावर पिवळी पूड राहिली होती. दगड आणणाऱ्या आजी मग हळूच म्हणाल्या, "आईचा चेहरा आता मला फोटोतलाच आठवतो. गुडघे मात्र खरे आठवतात. लहान पोरासारखे, कायम खरचटलेले."

या सभेत बसून एक गोष्ट मला फार प्रकर्षाने जाणवली आहे. या आठवणी गोड आहेत, खरोखर गोड आहेत, पण त्यांच्या तळाशी कुणीतरी बाई गुडघ्यांवर बसलेली आहे. सोमवार हा कपड्यांचा वार. पहाटे तांब्याच्या बंबाखाली जाळ करायचा, पिंपात कपडे टाकून लांब दांड्याच्या ठोक्याने रेमटायचे, निळीची पुरचुंडी फिरवायची, लाकडी रुळांच्या यंत्रातून पिळून काढायचे, आणि गल्लीच्या या घरापासून त्या घरापर्यंत दोऱ्या बांधून वाळत घालायचे. वर धुरांडी. वारा फिरला की पांढऱ्या चादरीवर काजळीचे ठिपके, की पुन्हा धुणं. त्यात सोमवारीच कोळसेवाला आला तर त्याची गाडी जायला सगळ्या दोऱ्या उचलून धरायच्या. सोमवारी जेवायला रविवारचं उरलेलं थंड मांस, कारण चूल धुण्याने अडवलेली. पोरांच्या आठवणीत साबणाची वाफ आणि चादरींमधून धावणं आहे. सांगतात तेही तेच. मग मी विचारते, "आणि आई?" तेव्हा जरा थांबतात.

संडास मागच्या अंगणात. इथल्या जुन्या संडासांना 'टिपलर' म्हणायचे. मोरीतलं सांडपाणी खाली एका झुलत्या भांड्यात साठायचं आणि भांडं भरलं की आपोआप उलटायचं. ते कधी उलटेल याचा नेम नाही. रात्री अंधारात, हातात मेणबत्ती, खाली खोल काळोख, आणि एकदम पाताळातून गर्जना. ऐंशीचे धडधाकट आजोबा हे सांगताना अजून खांदे आकसतात. भिंतीतल्या खिळ्याला वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे दोऱ्यात ओवलेले असायचे. एक आजी म्हणाल्या की त्या वाचायला तिथेच शिकल्या, आणि कुठल्याच बातमीचा शेवट त्यांना कधी कळला नाही.

शाळेतल्या दुधाची गोष्ट प्रत्येकजण सांगतो. १९४६ पासून प्रत्येक मुलाला रोज एक तृतीयांश पाइंटची बाटली फुकट मिळायला लागली. हिवाळ्यात ते गोठून वर यायचं आणि बाटलीच्या टोपीला डोकं लावून उभं राहायचं, उन्हाळ्यात कोमट आणि नासकं. आवडलं होतं असं म्हणणारी दोनच माणसं मला भेटली, आणि त्या दोघांच्याही घरी वडील नव्हते.

गोळ्या-चॉकलेटांचं रेशन १९५३ च्या ५ फेब्रुवारीला उठलं. त्याआधी एकदा, १९४९ च्या एप्रिलमध्ये उठवून पाहिलं होतं, पण लोकांनी दुकानं अशी रिकामी केली की चार महिन्यांत परत लावावं लागलं. युद्ध जिंकलेल्या देशातली मुलं आठवड्याला साधारण तीन औंसांवर वाढत होती. साखरेचं रेशन १९५३ च्याच सप्टेंबरात गेलं, मांसाचं सगळ्यात शेवटी, १९५४ च्या जुलैत. या साखरेची एक गोष्ट मी विसरूच शकत नाही. १९४४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी पहाटे मँचेस्टरच्या रोखाने जर्मनांनी व्ही-वन बॉम्ब सोडले. त्यातला एक ओल्डहॅमच्या ॲबी हिल्स रोडवर पडला आणि २७ माणसं गेली. आमच्या एक आजी तेव्हा पाच वर्षांच्या, घर दोन-तीन गल्ल्या पलीकडे. स्फोट आठवतो का, असं कुणी विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही. मला साखर आठवते." छताचा गिलावा खाली आला होता आणि टेबलावरच्या साखरेत त्याचा चुरा मिसळला होता. माणशी आठवड्याला आठ औंस साखर, ती टाकणार कशी? आईने सगळी साखर पाण्यात विरघळवली, गिलावा तळाशी बसू दिला, आणि वरचं गोड पाणी फडक्यातून गाळून बाटलीत भरलं. पुढचे कित्येक दिवस चहात चमचाभर तेच. "खडूची चव यायची," आजी म्हणाल्या. "मी शाळेत खडू चाटून बघायचे, घरच्यासारखी लागते का ते."

आणि शेकोटीची रात्र! ५ नोव्हेंबर. १६०५ साली पार्लमेंट उडवण्याचा कट फसला, त्याची ही वर्षावर्षाची आठवण. पण पोरांना पार्लमेंटशी काय देणं-घेणं? सप्टेंबर सरला की गल्लीगल्लीतली पोरं लाकडं जमवायला लागायची. मोडकी दारं, खोकी, पडलेल्या घरांची तुळयी. ढीग कुणाच्या तरी परसात लपवायचा आणि रात्री पाळीपाळीने राखण करायची, कारण शेजारच्या गल्लीची टोळी चोरायला येणार हे नक्की. तुम्हीही त्यांची चोरणार, हेही नक्की. मी चहाची किटली खाली ठेवली आणि त्यांना लालबागची होळी सांगितली. आम्ही पोरंपोरी रात्री बाहेर पडायचो, कुणाची मोडकी खुर्ची, कुणाच्या गॅलरीतली फळी, आणि सकाळी मालक बोंबलत आला की चाळीतली मोठी माणसंच म्हणायची, होळीच्या लाकडाची चोरी धरायची नसते. टिपलरला घाबरणारे ते आजोबा पुढे झुकून म्हणाले, "आमच्याकडेही धरायचे नाहीत." मग त्यांनी १९५४ साली एका शेजाऱ्याच्या कबुतरखान्याचं दार पळवल्याची कबुली दिली. कबुतरं आत असताना.

त्या रात्रीचं खाणं म्हणजे काळे वाटाणे. इथे त्यांना 'ब्लॅक पीज' म्हणतात. रात्रभर भिजत घालायचे, मऊ शिजवायचे, आणि कपात घालून वर मीठ आणि व्हिनेगर. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा चमचा हातात धरून तशीच उभी राहिले. रंगाने, सालीने अगदी आमच्या मालवणी सांबाऱ्यातले काळे वाटाणे. खोबऱ्याचं वाटप नाही, तिरफळं नाहीत, नुसता वाटाणा आणि आंबटपणा. पुढच्या वर्षी मी घरून डबाभर सांबारं करून नेलं. दगड आणणाऱ्या आजींनी दोनदा घेतलं आणि म्हणाल्या, "वाटाणा आमचाच आहे, लव्ह. कपडे तुझे घालून आलाय."

सगळंच असं ऊबदार नसतं, आणि नसावं. १९४८ च्या ५ जुलैला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. त्याआधी डॉक्टर घरी बोलवायचा म्हणजे पैसे. एका आजींच्या घरी फळीवर एक बरणी होती, त्यात डॉक्टरचे पैसे. धाकट्या भावाची छाती भरली त्या रात्री आईने बरणी टेबलावर उपडी केली, मोजली, परत भरली, परत मोजली. सकाळपर्यंत वाट बघू, असं ठरलं. आजींनी पुढचं सांगितलं नाही. शेजारी बसलेलीने त्यांचा हात हातात घेतला आणि दुसरं कुणीतरी बिस्किटं पुढे केली. ही माणसं अशीच सांत्वन करतात.

अकराव्या वर्षीच्या परीक्षेची जखमही जुनी होत नाही. १९४४ च्या कायद्यानंतर प्राथमिक शाळेच्या शेवटी एक परीक्षा व्हायची. पास झालेल्या थोड्या मुलांना ग्रामर स्कूल, बाकीच्यांना साधी शाळा आणि पंधराव्या वर्षी काम. आमच्यातल्या सगळ्यात हुशार आजी, कोडी चुटकीसरशी सोडवणाऱ्या, त्या १९५१ मध्ये पास झाल्या होत्या. गल्लीतली पहिली मुलगी. शाळेकडून गणवेशाची यादी आली. कोट, टोपी, झगा, घरात घालायचे बूट वेगळे, बाहेरचे वेगळे, हॉकीची काठी. वडिलांनी यादी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पौंड, शिलिंग, पेन्सचे तीन रकाने आखून बेरीज मांडली. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड, आपल्या आणे-पैच्या हिशोबाइतकीच किचकट बेरीज. मग काही न बोलता कागद तिच्यापुढे सरकवला.

"बेरीज बरोबर होती," आजी म्हणाल्या. "मी तपासली."

पंधराव्या वर्षी त्या गिरणीत लागल्या. विणकामाच्या शेडमध्ये.

त्यांच्यामुळेच मला माझे वडील सापडले. तसं म्हणायला थोडा संकोच वाटतो, पण दुसरा शब्द नाही. झालं असं की एके दिवशी सभागृहात गलका होता, सगळे एकदम बोलत होते. या आजी एका टोकाला, त्यांची जुनी मैत्रीण दुसऱ्या टोकाला. आजींनी मान वर केली, मैत्रिणीची नजर पकडली, आणि आवाज न काढता बोलायला लागल्या. ओठ भरपूर ताणून, जीभ दाखवत, भुवया नाचवत, मध्येच दोन बोटं छातीवर. तिकडून तसंच उत्तर. मग दोघी खदखदून हसल्या. मला कुणीतरी सांगितलं, याला 'मी-मॉइंग' म्हणतात. शेडमध्ये शेकडो माग एकदम चालायचे, प्रत्येकाचा धोटा मिनिटाला कितीतरी वेळा इकडून तिकडे आपटायचा, कानाशी तोंड लावून ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून बायकांनी ही ओठांची बोली घडवली होती. "दिवसभर गप्पा मारायचो," आजी म्हणाल्या. "कुणाचं लग्न, कुणाचं पोट, सगळं. एक शब्द कानावर न पडता."

मी कप धुवायला आत गेले आणि नळ सोडून तशीच उभी राहिले.

माझे वडील मुंबईत एका गिरणीत साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. १९५८ ला बदली कामगार म्हणून लागले, मग कायम झाले. चाळीत आमच्या समोरच्या गॅलरीत त्यांच्याच खात्यातले काका राहायचे. तिसऱ्या पाळीवरून आल्यावर दोघं आपापल्या कठड्याला टेकून उभे राहायचे, मध्ये चौकाचं अंतर, पोरं झोपलेली, आणि दोघांचे ओठ हलत असायचे. आवाज नाही. मला वाटायचं, बाबा कसली तरी प्रार्थना म्हणतात. घरात मात्र ते मोठ्याने बोलायचे, रेडिओ मोठा लावायचे, आणि प्रत्येक शब्द तोंड मोठं करून म्हणायचे. मी तिसरीत असताना पालकांच्या सभेला आले आणि बाईंशी तसेच बोलले. प्रत्येक अक्षराला जबडा उघडत. मागच्या बाकावरच्या मुली त्यांची नक्कल करून हसल्या. घरी आल्यावर मी त्यांना म्हटलं, पुढच्या वेळी आईला पाठवा. त्यांनी मान डोलावली. त्यानंतर ते माझ्या शाळेत कधी आले नाहीत. १९८२ चा संप झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. गिरणी परत सुरू झाली नाही आमच्यासाठी. बाबा गावी गेले, आणि मी शिकत राहिले, आणि त्यांना त्यांच्या कामाबद्दल कधी एक प्रश्न विचारला नाही. पन्नास वर्षांची झाल्यावर, सहा हजार किलोमीटरहून लांब, एका परक्या गावातल्या परक्या बाईने मला दाखवलं की ते तोंड मोठं का करायचे.

आजींना मी हे सांगितलं. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग आवाज न काढता, ओठ ताणून काहीतरी म्हणाल्या. मला वाचता आलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, सावकाश. ते एवढंच होतं: 'चांगला विणकर असणार.'

आणखी एक दुवा आहे, तो आईने सांगितला. आम्ही ओल्डहॅमला चाललो असं फोनवर म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "हे नाव तुझ्या बाबांच्या तोंडी होतं." खात्यातल्या यंत्राच्या बिडाच्या चौकटीवर इंग्रजी अक्षरं उठवलेली होती, बाबांनी ती एकेक अक्षर लावत वाचली होती: प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम. एकेकाळी इथल्या त्या कारखान्याची यंत्रं जगभर जात, मुंबईच्या गिरण्यांतही आली. कारखान्याच्या जागेवरून मी कितीदा गेले आहे. बाबांनी रोज तेल घातलेलं लोखंड कदाचित तिथूनच निघालं असेल.

आमच्यात एक आजोबा पाकिस्तानकडच्या काश्मीरमधल्या मिरपूरचे आहेत. सुरुवातीची दोन वर्षं ते नुसते चहा पिऊन जायचे. बोलायला लागले तेव्हा कळलं, त्यांची इंग्रजी इथल्या गल्लीतलीच आहे, शुद्ध ओल्डहॅमी. १९६२ च्या डिसेंबरात नऊ वर्षांचे असताना ते आले. नाताळच्या दुसऱ्या दिवशी बर्फ पडायला लागलं आणि मार्च उजाडेपर्यंत हटलं नाही. त्यांना वाटलं, हा देश असाच असतो. वडील आणि काका गिरणीत रात्रपाळीला, कारण त्या वेळी इथल्या लोकांना रात्रपाळी नको असायची. एका खोलीत सहा माणसं, रात्रपाळीवाला उठला की दिवसपाळीवाला त्याच गादीवर, गादी कधी गार पडायची नाही. घासलेटच्या शेगडीचा वास त्यांना अजून आवडतो. मग त्यांनी खिडक्यांतल्या पाट्यांबद्दल सांगितलं. खोली भाड्याने देणे आहे, काळ्या-सावळ्यांना नाही. तशी पाटी लावणं कायद्याने बंद झालं ते १९६८ मध्ये.

सभागृह गप्प झालं. सगळ्यांच्या आठवणीत ती गल्ली उघड्या दारांची होती. कबुतरखान्याचे ते आजोबा कपाकडे बघत म्हणाले, "होती पाटी. आमच्याही गल्लीत होती. कुणाची ते मला माहीत आहे." थोड्या वेळाने त्यांनी खुर्ची ओढून मिरपूरच्या आजोबांशेजारी आणली. त्यावर आणखी बोलणं झालं नाही, पण तेव्हापासून ते दोघं शेजारीच बसतात. माझ्या मते त्या खोलीतली ती सगळ्यात खरी आठवण होती, कारण ती दोघांनी मिळून सांगितली.

मागच्या गुरुवारी परत डिव्ही नंबरांची फेरी झाली. कुणीतरी सुरुवात करतं आणि मग गोल फिरतं. एकेक हनुवटी वर जाते, एकेक आकडा. फेरी माझ्यापाशी आली तेव्हा दगडवाल्या आजी म्हणाल्या, "आणि तुझा, लव्ह? तुमच्याकडे कुठला नंबर होता?"

होता. बाबांचा बिल्ला नंबर. पितळेचा बिल्ला, दाराशेजारच्या खुंटीला, सदऱ्याच्या वर. तो मी हजारदा हातात घेतला असेन, दातांखाली धरून पाहिला असेन, त्याची आंबट चव मला आत्ता आठवते. त्यावरचा आकडा आठवेना.

घरी येऊन आईला फोन लावला. इथे सहा वाजले होते, म्हणजे तिकडे साडेअकरा. ती गावच्या घरी असते, चौऱ्याऐंशीची आहे, अलीकडे भाजीत मीठ घातलं की नाही ते विसरते. घंटा बराच वेळ वाजली.

"आई, बाबांचा बिल्ला नंबर काय होता?"

"दोन हजार सातशे एकोणचाळीस," ती म्हणाली. तितक्याच वेगात, जितक्या वेगात इथली माणसं म्हणतात. मग म्हणाली, "पगाराच्या दिवशी मी गेटवर जायचे ना, तेव्हा सांगावा लागायचा. का गं?"

मला लगेच बोलता आलं नाही. पलीकडे रातकिडे ऐकू येत होते, आणि ती उशी सरळ करून भिंतीला टेकून बसल्याचा आवाज.

"बोल ना," आई म्हणाली. "आणखी काय विचारायचंय ते विचार. मी जागीच आहे."